चार इसांची आजी आणि कोपनहेगनचा हिशेब

परवा गुलमंडीवरच्या एका मोबाइलच्या दुकानात माझ्यापुढे एक टोपीवाले काका उभे होते. रिचार्ज मारायचा होता. काउंटरवरच्या मुलीनं नंबर विचारला. काकांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "अठ्ठ्याण्णव..."

मुलीचं बोट ८ वर पडलं आणि तिथंच थबकलं. पुढं काय? नव्वद की ऐंशी? तिनं आठ पुसला.

"काका, इंग्लिशमध्ये सांगा ना."

"इंग्लिशमध्येही तोच नंबर आहे, बाई."

रांगेतले आम्ही सगळे हसलो. पण खरं सांगायचं तर चूक मुलीची नव्हती आणि काकांचीही नव्हती. अठ्ठ्याण्णव म्हणताना आठ आधी ऐकू येतो, नव्वद मागून येतो, आणि कीपॅडवर आधी दाबायचा असतो तो नऊ. कान एकीकडे ओढतो, बोट दुसरीकडे. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारं पोर मराठी शाळेत प्रत्येक बाकावर सापडतं.

जर्मन पोरांचंही हेच रडगाणं आहे. तिथं एकवीस म्हणजे 'एक-आणि-वीस'. डच तसेच, डॅनिश तसेच. जर्मनीत तर 'आम्हाला वीस-एक म्हणू द्या' अशी मागणी करणारी एक संघटनाच आहे आणि तिचं नावही 'त्स्वान्त्सिग-आइन्स', म्हणजे शब्दशः 'वीसएक'. चेक लोकांनी भांडणच मिटवून टाकलंय. त्यांच्याकडे वीस-एक म्हणा नाहीतर एक-आणि-वीस म्हणा, दोन्ही चालतं.

नॉर्वेनं मात्र कायदेशीर बंदोबस्त केला. तिथंही पूर्वी 'एक-आणि-वीस'च होतं. मग टेलिफोन आला. लोक ऑपरेटरला नंबर सांगत, ऑपरेटर उलटे ऐकत, भलत्याच घरी घंटी वाजत असे. शेवटी टेलिफोन खात्यानं तक्रार केली आणि संसदेनं ठराव केला: १ जुलै १९५१ पासून देशानं 'वीस-एक' म्हणायचं. शाळा, रेडिओ, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे. आज सत्तर वर्षं उलटली, तरी नॉर्वेतली मंडळी दोन्ही पद्धती मिसळून बोलतात. वय सांगताना जुनी, फोन नंबर सांगताना नवी, असंही एकाच तोंडून ऐकू येतं. गुलमंडीवरच्या त्या मुलीला हे सांगायला हवं होतं, पण रांग मोठी होती.

वीसएक आणि फडणवीस

आपल्याकडे हाच प्रयोग २०१९ साली झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आलं आणि जून महिन्यात महाराष्ट्रात असा काही गदारोळ उठला, की दुष्काळ मागं पडला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांनी भरलेले शब्द आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं गणिताला घाबरतात, दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी येतं, इंग्रजीत आधी येतं, तर सुरुवातीला आपणही तसं सांगून बघू. जुने शब्द कुणी काढून टाकलेले नव्हते. पण एवढं ऐकायला वेळ कुणाला? विधानसभेत विरोधी बाकांवरून मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चं आणि एका मंत्र्यांच्या आडनावातल्या 'बावन'चं आता काय करायचं, अशी फिरकी घेतली गेली.

कोटी झकास होती. फक्त फडणवीसांत वीस नाहीच. तो फारसी 'नवीस' आहे, म्हणजे लिहिणारा. फर्द म्हणजे यादी, ती लिहिणारा तो फडणवीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस. बावनकुळ्यांतले बावन तेवढे खरे.

माझं मत विचाराल तर नारळीकर बाईंचा मुद्दा बिनतोड होता आणि तरीही मला 'पन्नास दोन' म्हणवत नाही. आपले शंभरपर्यंतचे शब्द म्हणजे शंभर वेगवेगळ्या स्वभावाची माणसं आहेत. बावीसमधला दोन 'बा' होतो, बेचाळीसमध्ये 'बे', ब्याण्णवमध्ये 'ब्या'. एक्कावन्न, बावन्न 'वन्न'नं संपतात आणि मध्येच त्रेपन्न, चौपन्न, छप्पन्नला 'प'ची आठवण होते. सत्तरचा 'स' एकाहत्तरमध्ये 'ह' होऊन बसतो. नियम शोधायला गेलात तर डोकं फिरेल. हे शब्द पाठच करावे लागतात, शेजाऱ्यांची नावं पाठ होतात तसे.

चार इसा

आता आजी. माझी आजी वैजापूरकडची, शाळेत कधी गेली नाही, पण हिशेबात तिला कुणी फसवल्याचं ऐकिवात नाही. गोवऱ्या मोजताना ती वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवायची. चार खडे झाले की 'चार इसा'. वीसचा ईस, अनेकवचन इसा. पाच इसा म्हणजे शंभर. तिला वय विचारलं की म्हणायची, "चार इसा होऊन गेल्या की रं मला." ऐंशी हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

पुढं कॉलेजात असताना फ्रेंचचा क्लास लावला आणि पहिल्याच आठवड्यात आजी भेटली. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे 'कात्र-वँ', शब्दशः चार-वीस. चार इसा! नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. सत्तरला साठ-दहा म्हणतात, सत्त्याहत्तरला साठ-सतरा. फ्रान्समध्ये फोन नंबर आपल्या काकांसारखाच दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. त्यामुळे समोरचा 'साठ...' म्हणाला की ऐकणारा ६ लिहून मोकळा होतो, आणि मग '...सतरा' आलं की खोडून ७७ करतो. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे सत्तरला, नव्वदला सरळ स्वतंत्र शब्द वापरतात, आणि पॅरिसवाले त्यांना गावंढळ समजतात. आजीला हे फार आवडलं असतं.

पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक फार जुनं इस्पितळ आहे. तेराव्या शतकात राजा नववा लुई यानं तीनशे अंध माणसांसाठी ते काढलं. त्याचं नाव अजूनही 'कँझ-वँ', म्हणजे पंधरा-वीस. पंधरा इसा, तीनशे. पाटीवर अजून तसंच आहे.

पण आजीची खरी मैत्रीण पॅरिसला नाही, कोपनहेगनला राहते.

डॅनिशमध्ये साठ म्हणजे 'ट्रेस', मुळात तीन-वेळा-वीस. ऐंशी म्हणजे 'फिअर्स', चार-वेळा-वीस. इथवर ठीक. मधल्या पन्नासचं काय? पन्नास म्हणजे अडीच विसा. आणि डॅनिश लोक पन्नासला नेमकं तेच म्हणतात, 'हाल्ट्रेस': 'अर्धा-तिसरा वेळा वीस'. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. सत्तर म्हणजे 'अर्धा-चौथा' वेळा वीस, साडेतीन विसा. नव्वद म्हणजे 'अर्धा-पाचवा', साडेचार विसा. डॅनिश पोरं हे कारण न कळता पाठ करतात, शेजारचे स्वीडिश लोक त्यावरून त्यांची टिंगल करतात, आणि जगभर 'युरोपातली सगळ्यात विचित्र मोजणी' म्हणून डॅनिशचं नाव निघतं.

आपण हसायला जागा नाही. 'अर्धा-तिसरा' हे ऐकून डोक्यात घंटा वाजायला हवी, कारण आपला 'अडीच' हाच शब्द आहे. संस्कृतातला 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा, प्राकृतातून घासत घासत अडीच झाला. दीडही तसाच, 'दुसरा अर्धा'. कोपनहेगनच्या दुकानात पन्नास क्रोनर मागणारा माणूस आणि शहागंजात अडीचशे ग्रॅम मिरची मागणारी बाई एकाच रीतीनं मोजतात, फरक इतकाच की दोघांनाही ते माहीत नाही.

ही 'अर्ध्या-दुसऱ्या'ची चाल युरोपभर आहे. जर्मनमध्ये दीडला 'दुसरा-अर्धा', रशियनमध्ये 'पोल्तरा' म्हणजे 'अर्धा-दुसरा', फिनिशमध्ये आणि हंगेरियनमध्येही तेच. इंग्रजीत मात्र दीडला एक शब्द नाही, अडीचला नाही, आणि आपण आपली पोरं नेमकी त्याच भाषेच्या शाळेत घातली आहेत. 'वन अँड हाफ' म्हणत बसा.

घड्याळात तर फार गंमत होते. जर्मन माणूस 'हाल्प द्राय', म्हणजे 'अर्धे तीन' म्हणाला की इंग्रजी डोक्याचा माणूस साडेतीनला जाऊन उभा राहतो, आणि जर्मन माणूस अडीचलाच येऊन निघून गेलेला असतो. मराठी माणसानं 'अर्धा-तिसरा म्हणजे अडीच' एवढं लक्षात ठेवलं तर त्याची गाडी कधी चुकायची नाही. बार्सिलोनाकडचे कॅटलान लोक याच्याही पुढं जातात. सव्वा वाजला की ते 'दोनचा एक पाव' म्हणतात, पावणेदोनला 'दोनचे तीन पाव'. आपला पाऊण उलटीकडून येतो, 'पादोन', पाव उणा.

औट

साडेतीनलाही जुन्या मराठीत असाच शब्द होता: औट. 'अर्धा-चौथा'. म्हणजे डॅनिश लोकांच्या सत्तरीतला जो अर्धा-चौथा, तोच. शब्द मेला, पण दोन ठिकाणी अजून धुगधुगी आहे. एक, औट घटकेचं राज्य. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे औट घटका म्हणजे बरोबर ८४ मिनिटं. एखादा तेवढाही टिकत नाही म्हणा. दुसरं, औटकी. आमच्या आजोबांच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकली होती. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... ही पिढी बाजारात पाऊणशे रुपये भावाची साडेतीन शेर वस्तू तोंडानं सोडवायची. आता दुकानदार कॅल्क्युलेटर आपल्याकडे वळवून दाखवतो, आपण मान डोलावतो.

शब्द गेला तरी आकडा मराठी माणसाच्या अंगात मुरलेला आहे. साडेतीन मुहूर्त. साडेतीन हात देह. साडेतीन शक्तिपीठं, त्यातली तुळजापूर आणि माहूर ही दोन आख्खी पीठं आमच्या मराठवाड्यात, आणि अर्धं तिकडं वणीला. पेशवाईतले साडेतीन शहाणे: सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि अर्धे नाना फडणवीस. यातला विठ्ठल सुंदर निजामाचा दिवाण, १७६३ साली गोदाकाठी राक्षसभुवनच्या लढाईत पडला. अर्ध्या शहाण्यानं पुढं कित्येक वर्षं पुण्याचा कारभार पाहिला. पूर्णांकापेक्षा अपूर्णांक भारी पडल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उणे आणि उरले

एकोणीस हा शब्द कधी उलगडून पाहिलाय? एक-ऊन-वीस. विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, सगळे उणेपणाचा हिशेब सांगणारे. एकोणसाठ ऐकून पोर ६९ लिहितं ते उगाच नाही. कानावर साठ पडतो आणि आकडा पन्नाशीतला निघतो. ही रीत एकोणनव्वदपर्यंत शिस्तीत चालते आणि नव्व्याण्णवला येऊन अचानक मोडते. एकोणशंभर कुणी म्हणत नाही. का? शंभरीच्या उंबरठ्यावर उणं बोलू नये म्हणून असेल, असं माझं एक खाजगी कारण आहे. भाषाशास्त्रज्ञांना ते विचारू नका.

रोमन लोकही असंच बोलत. लॅटिनमध्ये एकोणीस म्हणजे 'विसातून एक' आणि अठरा म्हणजे 'विसातून दोन'. फिनिशमध्ये आठ आणि नऊ या शब्दांचाच मूळ अर्थ 'दोन कमी', 'एक कमी' असा मानतात. उलट इंग्रजीतल्या 'इलेव्हन' आणि 'ट्वेल्व्ह'चा अर्थ 'एक उरला', 'दोन उरले'. दहा मोजून झाले, बोटं संपली, एक उरला. इंग्रजांचा दम बारापर्यंत टिकला. लिथुआनियाचे लोक मात्र थेट एकोणीसपर्यंत 'उरले, उरले' करत जातात.

आणि अठरा? वेल्सच्या जुन्या मोजणीत अठरा म्हणजे 'दोन नऊ'. समुद्रापलीकडे ब्रिटनीत अठरा म्हणजे 'तीन सहा'. भाषा एकमेकींच्या बहिणी, पण अठराची भाकरी दोघींनी वेगळी मोडली. वेल्समध्येही हल्ली शाळेत सोपी दशमान पद्धत शिकवतात, आणि जुनी पद्धत घड्याळापुरती, वयापुरती घरात उरली आहे. नॉर्वे, वेल्स, बालभारती, तिन्हीकडे सारखंच.

आपल्या पाढ्यांतल्या 'बे'चंही तसंच. बे एके बे, बे दुणे चार. पाढ्याबाहेर दुकानात जाऊन 'बे किलो साखर' म्हणून बघा. गुजराती दुकानदार असेल तर बिनतक्रार देईल, त्यांचा दोन म्हणजे बेच. आपण मात्र हा शब्द पाढ्याच्या डबीत जपून ठेवलाय. उत्तर इंग्लंडमधल्या मेंढपाळांनी मेंढ्या मोजण्यापुरती अशीच एक वेगळी मोजणी जपली होती: यान, टान, टेथेरा. पंधरा म्हणजे 'बम्फिट' आणि वीस म्हणजे 'जिगिट'. वीस झाले की काठीवर खूण करायची, पुन्हा यानपासून सुरू. आजीचा खडा, त्यांची काठी.

माणसं मोजताना तर आपण वेगळेच शब्द काढतो. दोन खुर्च्या, पण दोघं पाहुणे. तीन गाड्या, पण तिघी बहिणी. चौघांपर्यंत हा मान मिळतो, पाचवा आला की नुसता 'पाच जण'. रशियनमध्येही माणसांसाठी असे वेगळे आकडे आहेत. तिथं दहापर्यंत शब्द आहेत. आपल्याकडे चौघांतच काय ते बोलून घ्यायचं.

दोन ताल, मजले तीन

वेरूळ-अजिंठ्याकडच्या आमच्या गावात आकड्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. वेरूळला चला. अकरा नंबरची लेणी 'दोन ताल' म्हणून ओळखली जाते, कारण ती दुमजली दिसायची. शेजारची बारावी 'तीन ताल'. १८७६ साली अकराव्या लेण्यातली माती काढली तर खाली आख्खा तिसरा मजला निघाला. नाव? दोन तालच. अजिंठ्याला पहिल्या नंबरचं लेणं सगळ्यात जुनं असेल असं वाटून लोक तिथं जास्त फोटो काढतात; आकडे जागेच्या क्रमानं दिलेत, वयानं नव्हे. जुनं हवं तर दहाव्यात जा.

शहरात म्हणाल तर बावन्न दरवाजे. बावनकशी सोनं, पत्त्यांची बावन पानं, तसे हे बावन. मोजायला निघालात तर भडकल, मकई, दिल्ली, पैठण, रोशन, काळा, रंगीन, महमूद असे थोडेच हाताला लागतील. महमूद दरवाजाशेजारी पाणचक्की, आणि इंग्रजी पाटी वाचून तिथं 'पाच चक्क्या' शोधणारे पाहुणे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. त्यांना पाणी दाखवलं की हिरमुसतात.

निजामाच्या काळात तर या शहराच्या खिशात दोन रुपये होते. एक हैदराबादचा हाली, एक इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार. त्यात रुपयाचे सोळा आणे, जमिनीत बिघ्याचे वीस विसवे. अठराविश्वे दारिद्र्य म्हणतो ते यातूनच: विसांपैकी अठरा भाग दारिद्र्य. टक्क्यांत नव्वद. दोन विसवे शिल्लक ठेवलेत हे मात्र लक्षात घ्या.

आणि छत्तीसचा आकडा देवनागरीतच दिसतो. ३ आणि ६ एकमेकांना पाठ करून बसलेत ते इंग्रजी आकड्यांत कुठं दिसायचं? त्रेसष्ट लिहा, ६३, लगेच समोरासमोर.

दुकानात परत येतो. काकांचा नंबर कसाबसा लागला होता, पैसेही गेले होते, आता ओटीपी आला. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, फोन हातभर लांब धरला आणि वाचलं, "एकोणऐंशी..."

मुलीनं काही न बोलता कीपॅड त्यांच्याकडे फिरवला.

काकांनी तर्जनी वर केली, एकेक आकडा शोधून दाबला आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हटलं, "सेव्हन. नाइन. सिक्स. सेव्हन."